जावळाचा रविवार

आमच्या नेरे गावात मुतखडा पडणं ही कौतुकाची गोष्ट आहे. माझे चुलत सासरे गेणबा तात्या, त्यांचा हरभऱ्याच्या डाळीएवढा पडला होता. तो त्यांनी कुंकवाच्या डबीत कापूस घालून ठेवलाय. पाहुणा आला की चहाच्या आधी डबी येते. "बगा, हात लावून बगा. ह्यो माज्या पोटात हुता." पाहुण्याला पुढचा चहा कसा लागत असेल ते त्यालाच माहीत.

त्यामुळे माझ्या पोटात खडे निघाले तेव्हा घरात कुणी घाबरलं नाही. उलट जरा उत्साहच आला.

सुरुवात माझ्या लेकीच्या, किमयाच्या वेळच्या बाळंतपणात झाली. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तुळजाबाईंनी, डिंकाच्या लाडवांचा डबा भरून माझ्या उशाशी ठेवला होता. मुलगी झाली म्हणून त्यांनी चमचाभर तूप कमी केलं नाही, हे आधीच सांगते. लाडू खाल्ला की थोड्या वेळानं उजव्या बरगडीखाली कुणी आतून मूठ आवळल्यासारखं व्हायचं. कळ पाठीतून उजव्या खांद्यापर्यंत चढायची. मग मी किमयाला पदराखाली घेऊन, भिंतीला डोकं टेकवून, अर्धाच श्वास घेत बसायची. ती मात्र मजेत दूध पीत एका हातानं माझ्या गळ्यातली पोत ओढायची.

"वारं धरलंय," आत्या म्हणायच्या. ओव्याचा शेक द्यायच्या. आणि अंगात ताकद यावी म्हणून वर आणखी एक लाडू. त्यांची माया आणि माझी कळ एकाच डब्यातून निघत होती, आणि ते आम्हा दोघींनाही कळत नव्हतं.

शेवटी हिंजवडीच्या रस्त्यावर एका डॉक्टरीणबाईंकडे सोनोग्राफी झाली. पित्ताशयात खडे. बाईंनी कागदावर पेनानं एक पिशवी काढली, तिला बारीक नळी काढली. "इथं बसलेत. तुपातेलाचं खाल्लं की ही पिशवी आवळते, म्हणून दुखतं. सवडीनं ऑपरेशन करून घ्या. पण दुखायला लागलं आणि काही तास झाले तरी थांबेना, थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले, तर मग सवड बघायची नाही. उठायचं आणि यायचं. घरात लग्न असलं तरी."

मी हसले. लग्न झालं होतं माझं.

घरी येऊन माझ्या नवऱ्यानं, विलासनं, उंबऱ्यातूनच जाहीर केलं, "मुतखडा हाय." मी म्हटलं, "अहो, पित्ताशयात आहेत." पण तोवर तात्या डबी आणायला उठले होते.

मग सुरू झालं. कुळथाचं कढण. पानफुटीची पानं. विलासनं तर एके दिवशी पिशवीत गुंडाळून बिअर आणली. "तात्या म्हनले एका बाटलीत पडतो."

"मी अंगावर पाजतेय. किमयाला चढवू का?"

त्यानं ती वरच्या खोल्यांत राहणाऱ्या आयटीतल्या भाडेकरूंना देऊन टाकली. त्यांचा तरी खडा पडला असेल तर पडला असेल.

शेजारच्या शारदाकाकू रोज सकाळी भिंतीवरून ओरडायच्या, "शुभांगे, पडला का गं?"

"माझा पडत नाही, काकू. त्याला खाली यायला वाटच नाही."

"पडतो, पडतो. धीर धर."

मी तात्यांना तो कागद दाखवला. पिशवी दाखवली, नळी दाखवली. त्यांनी चष्मा लावून नीट बघितला आणि म्हणाले, "ह्यात मूत कुटाय?"

"नाहीच आहे, तात्या. तेच तर सांगतेय."

"मग खडा कुटनं आला?"

मी कागद घडी घालून ठेवला.

ऑपरेशन पुढं ढकलायला मात्र मीच कबूल झाले. कारण एकच, किमया. सात महिन्यांची झाली तरी माझ्या दुधाशिवाय दुसऱ्या कशाला तोंड लावत नव्हती. नाचणीचं सत्त्व दिलं की ओठांचा चंबू करून समोरच्याच्या अंगावर उडवायची, आणि वर आपणच हसायची. दोन दिवस मी दवाखान्यात पडले तर ही कशी जगेल, हा विचार मला कळेपेक्षा मोठा वाटायचा. आणि आत्यांनी जावळ ठरवलं होतं. "तेवढं हू दे. मग जा कुटं जायचं त्ये."

जावळ म्हणजे मूल मामाच्या मांडीवर बसवून पहिले केस काढायचे. देवाला बोकड, भावकीला जेवण. मुलींच्या जावळाला आमच्याकडे एवढं कुणी करत नाही. भावकीतली एकजण बोलली सुद्धा, "पोरीला बोकड, तुळजाबाई?" आत्या म्हणाल्या, "तुज्या पोराला कोंबडं कापलं हुतंस, त्येबी दोन घरांत वाटून. म्या काय म्हनलं का?" त्या दिवशी मला त्यांना मिठी मारावीशी वाटली होती. म्हणून सांगते, ही वाईट माणसं नव्हेत. वाईट असती तर सोपं गेलं असतं.

शनिवारी संध्याकाळी कळ आली. मी तेल-तूप सोडून किती दिवस झाले होते, वरण-भातावर होते, तरी आली. आणि गेली नाही. दर वेळी ती येते, पिळते, सोडते. या वेळी सोडेना. रविवारी सकाळी अंगणात मांडव बांधून झाला होता, चुलाण्यावर पातेली चढली होती, बायका कांदा-खोबरं भाजत होत्या. मी चांगल्या रखरखीत उन्हात उभी होते आणि माझे दात वाजत होते. अंगात ताप. मोरीत गेले तर लघवी कोऱ्या चहासारखी. भाडेकरूची मोटरसायकल दारात होती. तिच्या आरशात वाकून बघितलं. डोळ्याचं पांढरं पांढरं राहिलं नव्हतं.

पहिल्यांदा आत्यांकडे गेले. "आत्या, माझे डोळे बघा."

त्यांनी धुरातूनच बघितलं. "मसाल्याचा हात लावला आसशील."

"मी मसाल्याला हात लावला नाही. हळदीनं बुबुळाच्या भोवतीचं पिवळं होतं का?"

"हुतंय काय काय. जा, साडी बदल. न्हावी आलाय."

मग विलासकडे. तो खुर्च्या उतरवून घेत होता. कपाळाला हात लावून म्हणाला, "व्हय, तापलीस गं." मग मांडवाकडं बघून, हळूच, "आजचा दिस काढ की. दुपारी मीच नेतो गाडीतनं."

"दुपारी म्हणजे कधी?"

"पंगत उठली की."

"कितवी पंगत?"

तो पुढची खुर्ची उतरवायला वळला. आमच्या भावकीत पहिली पंगत कधी बसते हेच कुणाला माहीत नसतं, शेवटची कधी उठते ते कोण सांगणार.

पाटावर माझा भाऊ रोहित बसला. नवा शर्ट, मांडीवर किमया. तिला वाटलं खेळ चाललाय. तिनं न्हाव्याच्या कंगव्याकडं हात केला. रोहितनं मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि त्याचं हसू गेलं. "ताई, तू अशी का दिसतीस?"

घरातल्या कुणाला नाही, पण बाहेरून आलेल्याला एका नजरेत दिसलं होतं. मी कमरेचा मोबाईल काढला आणि एकशे आठला फोन लावला. गावाचं नाव सांगितलं, मारुतीच्या देवळापुढचं मांडवाचं घर सांगितलं, ताप, थंडी, डोळे पिवळे, पित्ताशयात खडे, कालपासून कळ थांबत नाही. सगळं मोठ्यानं सांगितलं. बायकांच्या हातातले झारे थांबले.

पहिले तात्या बोलले. "खड्याला अँबुलन्स? आरं, माजा पडला त्या दिशी म्या भाताच्या खाचरात हुतो!"

"तुमचा पडला, तात्या. माझा अडकलाय. तुमच्यासारखं डबीत घालून मिरवायला मला जगावं लागेल आधी."

कुणीतरी फिसकन हसलं. आत्या हसल्या नाहीत. त्या पदराला हात पुसत मांडवात आल्या.

"शुभांगे, खाली बस. दोन केस कापू दे, मग जा."

"नाही, आत्या."

"पाव्हणं बोलिवल्यात. बोकड पडलंय. देवाचं काम हाय."

"देवाला बोकड दिलाय ना? मग मला कशाला द्यायचं?"

मला माझाच आवाज परका वाटला, पण थांबवला नाही. "केस कुठं पळून जात नाहीत. आज राहिले तर उद्या आणखी वाढतील. मी आज राहिले तर काय होईल ते डॉक्टरनं मला सांगितलंय, आणि मी ते तुम्हाला सगळ्यांना सांगितलंय. आता परत सांगत नाही."

"अगं, लोकं नावं ठेवत्याल."

"ठेवू देत. नावं ठेवायला मी घरी परत आले की झालं."

मी वाकून किमयाला उचलायला गेले. वाकता येईना. रोहित उठला, तिला कडेवर घेतलं. न्हाव्यानं कात्री मुकाट्यानं पिशवीत टाकली.

"पोरीला ठेव हितं," आत्या म्हणाल्या.

"ती अंगावर पिते. ती माझ्याबरोबर येणार."

गाडी आली तेव्हा गल्ली खुर्च्यांनी आणि मोटरसायकलींनी बंद होती. विलासच पुढं पळाला, हातानं गाड्या ओढत, "सरका, सरका, वाट द्या" करत. मी त्या वाटेनं चालत गेले. दोन पावलं आणि एक श्वास, असं. गाडीतल्या डॉक्टर मुलानं मला दारातच उजेडात उभं केलं आणि अंगठ्यानं डोळ्याची खालची पापणी ओढली. आत्या माझ्यामागंच होत्या. धुराबिराचा पडदा नव्हता मध्ये. त्यांना दिसलं.

त्या वळून शारदाकाकूंना ओरडल्या, "वाढायचं तू बग! आन् रश्श्यात पानी घालू नगंस!" आणि एका हातानं नऊवारीचा ओचा धरून माझ्या आधी गाडीत चढल्या. रोहितच्या कडेवरून किमयाला घेतलं. विलास आणि रोहित मोटरसायकलवरून मागं आले.

पुण्याच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून, ताप कधी, थंडी कधी. मी सांगत होते. मध्येच त्यांनी विचारायचं थांबवलं आणि भराभरा हाताखालच्यांना सूचना द्यायला लागले. खडा पिशवीतून सटकून नळीत अडकला होता, मागं पित्त तुंबून सडायला लागलं होतं, असं पुढं कळलं. पण त्या वेळी मला त्यांचं ते थांबणंच पुरलं. मी बरोबर होते.

सही करायला कागद विलासपुढं धरला. "माझ्याकडं द्या," मी म्हटलं. सलाईनच्या हातानं वेडीवाकडी केली, पण केली. आत नेण्याआधी किमयाला पाजलं. ती पीत होती आणि माझी पोत शोधत होती. ती नर्सनं काढून ठेवली होती.

तोंडातून दुर्बीण घालून खडा काढला. मला शुद्ध आली तेव्हा बरगडीखालची मूठ उघडली होती. छाती मात्र दगडासारखी भरली होती. त्यावरूनच कळलं, बराच वेळ गेलाय. पहिलं तोंडातून निघालं, "किमया?"

आत्या खुर्चीत बसल्या होत्या. लुगड्यावर पांढरे डाग, केसांत भाताचं शीत. मांडीवर किमया पालथी, गाढ झोपलेली.

"कशी राहिली?"

"रडली की. लई रडली. रोहितला तर घामच फुटला. मग म्या कँटिनातनं भाताची पेज आनली."

"थुंकली असेल."

"पयल्यांदा माज्यावर. दुसऱ्यांदाबी माज्यावर. तिसऱ्यांदा तिला कळलं म्हातारी काय हटायची न्हाई. वाटी संपवली, ढेकर दिला." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुज्यावाचून अडलं न्हाई काय तिचं."

ते मला लागलंही आणि सुटल्यासारखंही वाटलं. इतके महिने मी ज्या भीतीला धरून कळ काढत होते, ती भीती एका वाटीभर पेजेत विरघळली होती. मी जरा रडले. आत्यांनी रडू दिलं. थोड्या वेळानं म्हणाल्या, "म्या तुला मसाला म्हनलं."

"हं."

"चुकलं."

डॉक्टर आले तेव्हा विलासही आत आला. डॉक्टर म्हणाले, नळी मोकळी झाली, पण पिशवीत बाकीचे खडे आहेतच. ताप उतरला की इथंच, याच खेपेला पिशवी काढलेली बरी. नाहीतर पुन्हा अडकू शकतो.

विलासनं डोकं खाजवलं. कंपनीची गाडी चालवतो, सुट्टी मिळत नाही. "पुढच्या महिन्यात केलं तर..." म्हणत त्यानं सवयीप्रमाणं आईकडं बघितलं.

आत्यांनी किमयाला खांद्यावर घेतलं. "माज्याकडं काय बगतुयास? पोट तिचं हाय, तिला इचार."

विलासनं माझ्याकडं बघितलं. लग्नानंतर अशी गोष्ट विचारायला बहुतेक पहिल्यांदाच.

"ताप उतरला की लगेच," मी डॉक्टरांना म्हटलं. "सुट्टीचं हे बघतील, पोरीचं आत्या बघतील. आणि आता तिला माझ्याकडं द्या. माझा पान्हा दाटलाय."