साडूबुवांची जीभ

माणसाला साडू असावा, पण तो दुसऱ्या गावात असावा आणि त्याला खाण्यातलं ओ की ठो कळू नये. मिस्त्रींचं हे मत त्या शहरातल्या तीन दिवसांत बनलं आणि पुढे कधी बदललं नाही.

मिस्त्री म्हणजे गाड्यांचे मिस्त्री. गावात त्यांचं गॅरेज, आणि गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये त्यांची स्वतःची निळी गाडी, त्यांच्याहून वयानं मोठी. दर वर्षी त्या मोठ्या शहरात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरायचं आणि गावातली जुन्या गाड्यांची वेडी मंडळी रांगेनं तिकडे निघायची. रांगेचा एक रिवाज होता. शेवटच्या संध्याकाळचं जेवण ज्यानं शोधलं आणि मंडळींना आवडलं, त्याच्या बॉनेटवर झेंडी. झेंडी ज्याची, त्याची गाडी वर्षभर सगळ्यांच्या पुढे. बाकीच्यांनी मुकाट मागून यायचं. झेंडी द्यायच्या बाई. बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, आणि गाडीवाल्यांच्या या मंडळातही त्यांच्यापुढे कुणाची चूं करायची टाप नव्हती. ही झेंडी मिस्त्रींच्या बॉनेटवरून आजवर हलली नव्हती. लोक त्यांना ‘अन्नदाते’ म्हणायचे. चेष्टेनं म्हणायचे, पण म्हणायचे ना!

त्यांची युक्ती एकट्या बायकोला ठाऊक होती. मिस्त्री खाणावळीची पाटी बघत नसत, रस्ता बघत. जुनी टॅक्सी, टेम्पो, मालाची गाडी, काहीही असो, उभी राहिली की तेल ठिबकतं. ज्या दारासमोर डागावर डाग पडून रस्ता काळा झालाय, तिथं रोजची कष्टाची माणसं पोटभर जेवतात. ज्या दारासमोर रस्ता लख्ख, तिथं नव्या गाड्यांतले लोक एकदा येतात आणि फोटो काढून जातात. साधा हिशेब होता आणि तो कधी चुकला नव्हता.

यंदा बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा मंडळात आला. फरशांचं दुकान, गोरापान, गुळगुळीत हसणारा. त्यानं कुणीतरी घासूनपुसून तयार केलेली दुधी रंगाची गाडी विकत घेतली आणि लागला मिरवायला. स्वतः एक बोल्ट पिळला नव्हता पठ्ठ्यानं. आयत्या बिळावर नागोबा!

पहिल्या दिवशी दुपारी मिस्त्री नेहमीप्रमाणे मान खाली घालून डाग शोधत फिरत होते. तेवढ्यात साडू प्रदर्शनाचं मैदान झाडणाऱ्या बाईशी बोलून आला.

“दादा, सापडलं!” तो म्हणाला. “मी मावशींना एवढंच विचारलं, तुमच्याकडे पाहुणे आले की जेवायला कुठं नेता?”

“पाहुण्यांना लोक महागाच्या ठिकाणी नेतात,” मिस्त्री म्हणाले.

पण मंडळी निघालीसुद्धा. शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानावर लाकडी जिना, वर एक खोली, खिडकीत कुंड्या, आणि एक म्हातारं जोडपं रांधणारं. मासा असा, की काटा हातात धरला तर मांस आपोआप सुटून यावं. मंडळातले दातांचे डॉक्टर एरवी सगळ्यांना सावकाश चावायला सांगायचे. ते न चावता गिळत होते. बाईंनी दुसऱ्यांदा रस्सा घेतला. बाईंनी! मिस्त्रींना त्या रश्शाचा प्रत्येक घोट आवडला आणि प्रत्येक घोटागणिक पोटात आग पडली.

“जरा तिखट आहे,” ते म्हणाले.

“तुम्ही तर तिसरी वाटी घेतलीत,” बायको म्हणाली आणि साडूकडे बघून हसली.

ते हसणं मिस्त्रींच्या डोक्यात राहिलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण त्यांच्या बोलण्यावर ती अशी मान मागे टाकून कधी हसली होती? आठवेना. साडू जेवताना ग्राहकांचे किस्से सांगत होता, कुणी फरशीवर झोपून बघतो, कुणी चाटून बघतो, आणि ही डोळे पुसत होती. त्यात हसण्यासारखं काय होतं, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी तोच प्रकार. या खेपेला साडूनं एका बस कंडक्टरला विचारलं. नदीकाठच्या पत्र्याच्या शेडमध्ये कोळशावर भाजलेलं मटण मिळालं, आणि त्याबरोबर असा पाव, की मंडळी नुसता पावच खात सुटली. येताना डॉक्टर म्हणाले, “बाई, यंदा शेवटचं जेवणही साडूबुवांनाच शोधू द्या की.”

मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “शेवटचं जेवण माझं,” ते म्हणाले. “मंडळींना नाही आवडलं, तर झेंडी यांची. बास?”

“अहो दादा, झेंडीबिंडीचं काय एवढं!” साडू म्हणाला.

हे तर त्यांना जास्तच झोंबलं. ज्या गोष्टीसाठी आपण जीव टाकतो, ती दुसऱ्याला ‘बिंडी’ वाटावी?

तिसऱ्या दिवशी मिस्त्री गाडी बायकोच्या हवाली करून शहरभर हिंडले. आणि मैदानामागच्या रुंद रस्त्यावर त्यांना घबाड सापडलं. एक खाणावळ, आणि तिच्यासमोर डागच डाग! या टोकापासून त्या टोकापर्यंत रस्ता तेलानं माखलेला. एवढं तेल त्यांनी आयुष्यात कुठल्या खाणावळीसमोर पाहिलं नव्हतं. आत जाऊन चव बघावी, असं क्षणभर मनात आलं. पण चव बघणं म्हणजे डागांवर अविश्वास, आणि त्यांना घाई होती साडूचा चेहरा पडलेला बघायची. त्यांनी मालकाला सगळ्या मंडळींचं जेवण सांगून टाकलं. मालक आधी दचकला, मग फार खूश झाला. त्यातही मिस्त्रींना काही वावगं दिसलं नाही.

संध्याकाळी निळी गाडी पुढे, बाकीची रांग मागे, अशी वरात खाणावळीसमोर थांबली. मालक दारात धावत आला.

“या, या! पण गाड्या जरा पलीकडे लावा हं,” तो म्हणाला. “काल सकाळी प्रदर्शनातल्या शहरवाल्यांची मिरवणूक इथूनच सुटली ना. त्यांच्या सगळ्या जुन्या गाड्या तासन्‌तास माझ्या दारात उभ्या. रस्त्याचा पार तेलाचा घाणा केलाय बघा!”

मिस्त्रींनी खाली पाहिलं. डाग सगळे एका वयाचे. ताजे, चकचकीत, खाली जुना एकही नाही. शिकाऊ पोरालाही कळलं असतं. आपल्याच जातीच्या गाड्यांनी गळलेलं तेल बघून आपण जेवण ठरवलं! हेव्यानं माणूस आंधळा होतो म्हणतात, ते काही खोटं नाही. पण आता परत फिरायचं कोणत्या तोंडानं?

आत ही मंडळी सोडून चिटपाखरू नव्हतं. भात खाली लागलेला, वर कच्चा. रश्शात पाणी वेगळं, तेल वेगळं. मटण असं, की डॉक्टरांनी दोनदा आपलीच दाढ चाचपून पाहिली. मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते साडूकडे बघत बसले, आता हा हसेल, मग हसेल.

साडूनं ताट पुसून खाल्लं. “वा!” तो म्हणाला. “घरच्यासारखं आहे. दादांची पारख ती पारख!” आणि त्यानं पुन्हा भात मागितला.

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं, मिस्त्रींकडे पाहिलं आणि मान डोलावली. “छान आहे. साधं आहे.” मग सगळेच छान छान करू लागले. बाई घोटभर पाणी पिऊन उभ्या राहिल्या. “झेंडी मिस्त्रींचीच,” त्या म्हणाल्या. टाळ्या पडल्या.

झेंडी हातात आली आणि मिस्त्रींना कळलं, आपल्याला भीक घातली गेलीय. तीही कुणी, तर साडूनं! चविष्ट जेवण त्याचं, किस्से त्याचे, बायकोचं हसणं त्याच्यासाठी, आणि आता चांगुलपणाही त्याचाच. आपल्यासाठी या माणसानं काही म्हणता काही शिल्लक ठेवलं नाही. निदान तो हसला असता तर सुखानं त्याचा दुस्वास तरी करता आला असता!

शेजारी बायको एक घास गालात धरून बसली होती. गिळवत नव्हता आणि टाकवत नव्हता. तिनं कुणाला दिसू नये म्हणून पदर तोंडाशी नेला.

मिस्त्री ताडकन उठले. “पुरे झालं,” ते म्हणाले. “हे जेवण भिकार आहे. सगळ्यांना कळतंय, मलाही कळतंय. हिशेब मी चुकता करतो. उठा.”

“दादा, अहो...” साडू म्हणाला.

“तुम्ही एक शब्द बोलू नका. तीन दिवस तुमच्यावर जळतोय मी, आता आणखी जाळू नका. चांगलं कुठं मिळेल, माहीत आहे?”

“विचारून ठेवलंय एक,” साडू अपराध्यासारखा म्हणाला.

ठेवलं असणारच! मिस्त्री बाहेर गेले आणि त्यांनी झेंडी दुधी गाडीच्या बॉनेटवर खोचली.

रांग निघाली. आयुष्यात पहिल्यांदा मिस्त्रींसमोर मोकळा रस्ता नव्हता, साडूच्या गाडीचा पार्श्वभाग होता आणि तिचा धूर सरळ नाकात येत होता. इंजिनात पेट्रोल जास्त जातंय, हे त्यांना वासावरून कळलं. सांगणार मात्र नव्हते.

बायकोनं काच खाली केली, घास बाहेर टाकला आणि बोलायला लागली. बहिणीनं काय सांगितलं, बाईंनी कुणाला कसं दटावलं, प्रदर्शनात एक म्हातारा रोज येऊन एकाच गाडीला नमस्कार करून जायचा. बोलता बोलता थांबली.

“अहो, या रस्त्यांवर आपण कधी असं बोललोच नाही,” ती म्हणाली. “दर वर्षी तुमचं लक्ष पुढे. मी काही बोलले की ‘गप गं, वळण चुकेल’. मग मीही बोलायचं सोडलं.”

मिस्त्रींनी गाडीचा वेग जरा कमी केला.

पुढच्या गाडीत मेहुणी हातवारे करून काहीतरी सांगत होती. साडूचं डोकं खिडकीबाहेर. पाट्या वाचतोय, वळणं शोधतोय, मागची रांग तुटली का बघतोय. बायको काय म्हणतेय याचा त्याला पत्ता नव्हता. मेहुणीनं हात खाली घेतले आणि ती गप्प बसली.

तीन दिवसांत पहिल्यांदा मिस्त्रींना साडूचा हेवा वाटला नाही. उलट बरंच वाटलं, अगदी नको इतकं बरं.

“काय हसताय एकटेच?” बायकोनं विचारलं.

“काही नाही,” मिस्त्री म्हणाले. “तो नमस्कार करणारा म्हातारा. त्याचं पुढं काय झालं, सांग ना.”