भोपळ्याच्या छातीतली गाठ

“गायब! गाँठ गायब!”

नोएडातल्या त्या मंडपात हजारभर माणसं एकदम ओरडली. व्यासपीठावर किरणनाथबाबांनी उजेडाच्या पेटीवर दोन एक्स-रे लावले होते. डावीकडच्या फोटोत छातीत बत्ताशाएवढा पांढराशुभ्र गोळा. उजवीकडच्या फोटोत गोळा नाही. मध्ये फक्त एकवीस दिवस आणि बाबांचा ‘रुद्रलेप’.

“डॉक्टर झूठ बोल सकता है, मशीन नहीं!” बाबा गरजले. “इक्कीस दिन लेप, इक्कीस दिन श्रद्धा, और अंग्रेज़ी गोली बंद!”

ते एक्स-रे ज्यांचे, त्या हौसाबाई बाबांच्या पायाशी रडत होत्या. दिल्ली कँटोन्मेंटात त्या माझ्या शेजारीण. त्यांचे यजमान संपतराव फौजेत सुभेदार. हौसाबाईंना टीबी झालेला. सरकारी केंद्राच्या सहा महिन्यांच्या औषधांपैकी दोन महिन्यांची घेऊन झाली होती. खोकला थांबला, अंगावर मांस धरू लागलं, आणि नेमकं तेव्हाच आमच्या भजनी मंडळानं त्यांना इथे आणलं. मंडळात मीही होते. हे लपवून काय करू?

परतताना मेट्रोत मी विचारलं, “गोळ्या खरंच थांबवल्यात?”

“तीन आठवडे झाले, वहिनी. आता तर फोटोच साफ आला. कशाला पोट जाळून घेऊ?” मग हळूच म्हणाल्या, “एवढंच वाईट, लेपाचे डाग जाईनात. तीन ब्लाउज गेले बघा.”

दुसऱ्या दिवशी दोरीवर ते ब्लाउज पाहिले. लेप वरून राखेसारखा करडा, पण डाग केशरी आणि तेलकट. सव्वीस वर्षं दर शनिवारी मी मारुतीला तेलात कालवलेला शेंदूर लावते आहे. हा डाग मी ओळखणार नाही?

मंडळात सांगितलं. “अहो, त्यात शेंदूर आहे.”

“मग चांगलंच की,” एक म्हणाली. “देवाचाच आहे ना?”

“तुम्ही एवढ्या उपासतापासवाल्या, आणि तुम्हीच शंका काढता?” दुसरी म्हणाली. माझा आवाज मुळातच लहान. चहाच्या कपांच्या खणखणाटात तो बुडून गेला. संपतरावांना सांगायला गेले, तर ते म्हणाले, “वहिनी, इतक्या महिन्यांनी ती आत्ता कुठे हसतेय. राहू द्या ना.” राहू द्या! हे ‘राहू द्या’ ऐकून ऐकून माझ्या कानशिलांत ठणका लागला.

शेवटी नीलमला फोन केला. नीलम सरोजिनी नगरच्या क्वार्टर्समध्ये राहते, मूळची नागपूरकडची, एका मोठ्या रुग्णालयात एक्स-रे काढते. देवाधर्माचं आमचं कधी जमलं नाही, बाकी सगळं जमतं.

“काकू, शेंदूर कशाचा असतो ठाऊक आहे?” ती म्हणाली. “शिशाचा! आमच्या खोलीच्या भिंतींतही किरण अडवायला शिसंच असतं. मला लेपाचा नमुना आणून द्या.”

लेप डब्यात मिळत नव्हता, अंगावरच लावत. म्हणून गुरुवारी मीच रांगेत उभी राहिले. पडद्याआड एका सेविकेनं माझ्या छातीवर डाव्या बाजूला लेप थापला, वर गाऊन चढवला आणि मंडपामागच्या गाडीत त्यांच्याच माणसानं एक्स-रे काढला. दहा मिनिटांत निकाल आला. “माताजी, गाँठ है. बड़ी है.” मला साधा खोकलाही नव्हता.

लेप धुवायचा नाही, अशी आज्ञा होती. मलाही तेच हवं होतं. नीलमची ड्यूटी दुसऱ्या दिवशी सकाळी. त्या सकाळी मी आंघोळ केली नाही. पारोशानं देवघरात कशी जाणार? उंबऱ्याबाहेरूनच हात जोडले. सव्वीस वर्षांत माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं. बाबांवरचा माझा राग त्या क्षणी पक्का झाला.

“तुमचा परत एक्स-रे काढणार नाही,” नीलम म्हणाली. “गरज नसताना किरण का घ्यायचे?” तिनं लेप चमच्यानं खरवडला आणि मी भाजीला घेतलेल्या तांबड्या भोपळ्यावर थापला. तिच्या डॉक्टरांची परवानगी तिनं आधीच घेतली होती. भोपळ्याचे दोन फोटो निघाले, एक समोरून, एक बाजूनं.

समोरच्या फोटोत भोपळ्याच्या पोटात पांढराशुभ्र गोळा.

“अगं बाई, भोपळ्यालाही गाठ!”

“आता बाजूनं बघा.” त्या फोटोत पोट रिकामं होतं, आणि सालीला बाहेरून पांढरी पट्टी चिकटलेली.

नीलमनं समजावलं, “किरण अंगातून जाताना वाटेत थोडे थोडे अडतात. फुफ्फुसात हवा, तिथे फारसे अडत नाहीत, फोटो काळा येतो. हाडात जास्त अडतात, ते पांढरं दिसतं. शिशात तर फारच. समजा एका थरानं निम्मे अडवले, तर दुसरा थर उरलेल्यांतले निम्मे अडवतो, तिसरा त्यातले निम्मे. पलीकडे किती पोचले, एवढंच फोटो सांगतो. छातीच्या आत अडले की कातडीवर, हे समोरून कळतच नाही.”

म्हणजे मशीन खोटं बोलतच नव्हतं. खोटं बोलत होता तो मशीनपुढे उभं करणारा. पहिला फोटो लेपासकट काढायचा, एकविसाव्या दिवशीचा लेप पुसून!

पुढच्या गुरुवारी नीलमला घेऊन मंडपात गेले. मला आलेला ‘अनुभव’ सांगायचाय म्हटल्यावर माइक सहज मिळाला. भोपळा दाखवला, दोन्ही फोटो पेटीवर लावले, आणि माझ्या लहान आवाजात सगळं सांगितलं.

“माताजी की श्रद्धा कमज़ोर है,” बाबा हसले.

“माझी संकष्टी चुकत नाही, महाराज,” मी म्हणाले. “आत्ता इथेच, लेप न लावता एक नवा एक्स-रे काढा. दाखवा गाठ.”

बाबांनी डोळे मिटले. समाधी लागली म्हणे. मागची गाडी मात्र समाधी न लागता सुरू झाली आणि निघूनही गेली.

आणि लोक? एकजण मला म्हणाला, “आंटी, कद्दू में भी निगेटिव एनर्जी हो सकती है.” भोपळा त्याच्या डोक्यात घालावा असं वाटलं. देव मला क्षमा करो.

पण हौसाबाई पुढे आल्या. हातात त्यांचा तो ‘साफ’ फोटो. “पोरी, यात खरंच काही नाही का गं?”

नीलमनं तो उजेडाला धरला. “हे वरच्या कोपऱ्यात पुसट धुकं दिसतंय ना? मला तर तोच आजार वाटतोय. शेजारच्या फोटोतल्या पांढऱ्या गोळ्यापुढे ते कुणाच्या नजरेत भरलं नाही. पण खरं काय ते डॉक्टरच सांगतील. उद्याच जा.”

हौसाबाईंनी फोटो परत घेऊन स्वतः उजेडाला धरला. “म्हणजे महिनाभर मी आजार अंगात ठेवून नाचत होते?”

दुसऱ्या दिवशी टीबी केंद्रात डॉक्टरीणबाईंनी हौसाबाईंना, संपतरावांना आणि मला, तिघांनाही फैलावर घेतलं. मध्येच औषध सोडलं तर जंतू औषधालाच दाद देईनासे होतात, म्हणाल्या. थुंकीची तपासणी नव्यानं झाली. त्याच औषधांनी भागेल की जास्त कडक लागतील, हे कळेपर्यंतचे दिवस संपतरावांनी कसे काढले, ते मी पाहिलं आहे. नशिबानं जुनीच औषधं चालली. आता रोज हौसाबाई माझ्यासमोर गोळ्या घेतात. मुकाट्यानं, तोंड वाकडं करून.

माझ्यासारख्या व्रतं करणाऱ्या बायांनो, तुमचं एकही व्रत सोडा असं मी म्हणत नाही, मीही सोडणार नाही. पण औषध बंद करायला जो सांगेल, त्याला आधी विचारा, कशावरून? विचारल्यानं देव रागावत नाही. रागावतो तो ज्याला उत्तर देता येत नाही.