दवाखान्याचं श्रेय

मी शिवणकाम करते. उरलेलं कापड वीतभर असलं तरी गिऱ्हाइकाला परत देते, म्हणून आमच्या भागात मला 'खरीबाई' म्हणतात. याच नावावर लोकांनी मला नगरपालिकेच्या निवडणुकीत हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मीही चढले.

समोर उभे होते पोस्टमनकाका. नोकरीतून निवृत्त झालेले, बोलताना अडखळणारे. आदल्या वर्षी आमचा सरकारी दवाखाना बंद करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा आठ महिने त्यांनी कचेरीचे उंबरठे झिजवले. मी काय केलं? त्यांचा हात थरथरतो, म्हणून शेवटचा अर्ज माझ्या अक्षरात लिहून दिला आणि एकदा त्यांच्यासोबत साहेबांना भेटले. अर्जाखाली सह्या करताना सगळ्यांनी माझं अक्षर ओळखलं आणि धडपडही माझीच, असं बऱ्याच जणांनी गृहीत धरलं.

शाळेच्या सभागृहात आम्हा दोघांची एकत्र सभा होती. प्रश्नोत्तरं चालू असताना एक बाई लेकराला कडेवर घेऊन उठली.

"ताई, तुमच्यामुळे दवाखाना राहिला. नाहीतर ह्याला दम लागला त्या दिवशी मी कुठं पळाले असते?"

टाळ्या झाल्या. काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, आता ही बोलेल, अशा खात्रीनं. शब्द माझ्या जिभेवर होते. 'हे काम यांचं.' तीनच शब्द. पण मी माइक जवळ ओढला आणि म्हणाले, "अहो, मी एकटीनं काय केलं? सगळ्यांचेच हात लागले."

टाळ्या दुप्पट झाल्या. किती नम्र बाई! काका काही सांगायला उठले, पहिल्याच अक्षराला अडखळले. मागून कोणीतरी फिसकन हसलं आणि ते खाली बसले.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "छान बोललीस."

सासूबाई चष्मा पुसत होत्या. "छान बोलली, खरं नाही बोलली," त्या म्हणाल्या. "त्या माणसाचं नाव घ्यायला तोंड दुखत होतं का गं?"

"सभेत सुचलं नाही," मी म्हणाले. आणखी एक खोटं.

दोन दिवसांनी धाकटे दीर पत्रकाचा मसुदा घेऊन दुकानात आले. सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत होतं, 'दवाखाना वाचवनारी आपली खरीबाई'.

"वहिनी, नजर टाका. छापायला द्यायचंय."

मी पेन्सिल घेतली. ती ओळच खोडता आली असती. मी 'नारी'चं 'णारी' केलं आणि कागद परत दिला. सभेत गोंधळले होते, असं स्वतःला सांगता येतं. त्या दुपारी मात्र मी अजिबात गोंधळलेली नव्हते. शुद्धलेखन तपासण्याइतकी शांत होते.

एकेचाळीस मतांनी मी निवडून आले.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काका दुकानाच्या पायरीवर उभे. काखेत जाडजूड फाइल. मी लगबगीनं खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत.

"डॉक्टरांची मुदत तीन महिन्यांनी संपतेय," अडखळत ते म्हणाले. "आतापासून मागे लागाल तरच नवा माणूस येईल. तारखा सगळ्या यात आहेत."

मी फाइल उघडली. अर्जांच्या प्रती, पोचपावत्या, कोणता साहेब कधी भेटला, कधी भेटला नाही. पानापानावर त्यांची थरथरती सही. माझं अक्षर फक्त एका कागदावर.

"काका, त्या दिवशी सभेत मी..."

"हो."

"मला बोलायला हवं होतं."

"हो," ते पुन्हा म्हणाले. मग एकही अक्षर न अडखळता, "मी स्वतःचं मत तुम्हालाच देणार होतो, बाई. त्या सभेपर्यंत."

आणि ते गेले. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

मशीन तसंच सोडून मी दवाखान्यात गेले. बाहेर पंधरावीस माणसं रांगेत होती. मी मोठ्यानं सांगितलं, की हा दवाखाना पोस्टमनकाकांनी राखला, मी फक्त एक अर्ज उतरवून दिला, आणि सभेत मी जाणूनबुजून गप्प राहिले. पत्रकही मीच तपासलं होतं.

एक म्हातारी म्हणाली, "बघा, केवढं मोठं मन!" मी कपाळाला हात लावणार, तेवढ्यात रांगेतला एक माणूस शांतपणे म्हणाला, "हे निवडणुकीआधी का नाही सांगितलंत?"

"हरेन म्हणून," मी म्हणाले.

रांग पुढे सरकली. मान खाली घालून मी आत गेले आणि डॉक्टरांच्या मुदतीचं काय करावं लागेल, ते विचारलं.