पाइपातली दोरी

दोरीला पलीकडून एकदा ओढ बसली. देवीदासचा हात जागच्या जागी थांबला.

सकाळचे अकरा वाजले होते. पांढुर्ण्याच्या एका कार्यालयातल्या सर्व्हर-रूममध्ये तो एकटाच जमिनीवर बसला होता. भिंतीतल्या पाइपातून दुसऱ्या एसीसाठी जनरेटरची केबल ओढायची होती. पलीकडच्या पॅनलच्या खोलीत केबल दोरीला बांधून तो आताच इकडे आला होता, आणि त्या खोलीची किल्ली त्याच्या खिशात होती.

एक ओढ म्हणजे थांब. दोन म्हणजे ओढ. तीन म्हणजे काम झालं, चल चहाला. तीनला समोरूनही तीन यायच्या. भिंतीआडून बोंबलत कोण बसणार, म्हणून वीस वर्षांपूर्वी सौंसरच्या एका कामावर त्यानं आणि त्याचा जोडीदार वायरमन मोतीराम यानं ही खूण ठरवली होती. पण मोतीराम दिवाळीतच वारला होता.

देवीदास उठला, कुलूप काढून पाहून आला. कोणी नव्हतं. उंदीर असेल, अशी त्यानं मनाची समजूत घातली. मन काही इतकं भोळं नव्हतं.

ही दोरीही मोतीरामचीच. खोलीचा आराखडा देवीदासचा होता: वीज किती, थंडावा किती, तारा कुठून. दोन्ही एसी त्यानं एकाच लाइनवर घेतले होते. तेव्हा मोतीराम म्हणाला होता, "लाइन गेली का दोनीबी बंद पडतीन, देवीदास. एक तरी जनरेटरवर घे." पण देवीदासला लायसनचा तोरा. मोतीरामनं वाद घातला नाही. पुढं कधी लागेल म्हणून पाइपात एक रिकामी दोरी तेवढी सोडून ठेवली.

गेल्या मे महिन्यात लाइन गेली. सर्व्हर जनरेटरवर चालूच राहिले, एसी दोन्ही बंद, आणि खोलीची भट्टी झाली. आठ दिवस कार्यालयाचं काम ठप्प. चौकशीत देवीदासनं लिहून दिलं की जोडणी मोतीरामनं चुकवली. त्यानंतर मोतीरामला कोणी कामावर बोलावलं नाही. त्यानं ते मनाला लावून घेतलं.

देवीदासनं पुन्हा जोर लावला. केबल तसूभर हलली नाही. पलीकडून परत एक ओढ आली, सावकाश. पहिला एसी अठरावर चालू होता आणि देवीदासला दरदरून घाम फुटला होता.

"ओढू दे न बाप्पा," तो पाइपाशी वाकून म्हणाला. "उद्या तपासणी हाये."

एक ओढ.

मग त्यानं उर्वशी मॅडमना फोन लावला. इथल्या इंजिनिअर त्याच होत्या, चौकशीही त्यांनीच केली होती.

"मॅडम, दोनी एसी एका लाइनवर मीच घेतले होते. मोतीराम नको म्हणून राहिला होता. मी त्याचं नाव खोटं लिहून देल्लं."

त्या म्हणाल्या, "काका, हे लेखी द्याल तर तुमचं लायसन जाईल."

"जाऊ द्या."

आराखड्याच्या पाठीवर त्यानं सगळं लिहिलं, सही केली, फोटो काढून पाठवला. त्याला लाज वाटत होती, आणि कित्येक महिन्यांनी हलकंही वाटत होतं.

दोरी हलली. एक. दोन.

केबल अलगद आली, पलीकडून कोणी सरकवून देत असावं तशी. मोतीरामच्या शिस्तीप्रमाणे देवीदासनं सोबत बांधलेली नवी दोरीही तिच्या मागोमाग आली, पुढच्या कामासाठी. केबल जोडून त्यानं दुसरा एसी सुरू केला. मग त्यानं ती नवी दोरी हातात घेतली आणि तीनदा ओढली.

पलीकडून काही आलं नाही. सकाळी जिला तो इतका भ्याला होता, त्याच ओढीची वाट पाहत तो दोरी धरून बसून राहिला.