रस्त्याची स्थिती : बरी

मित्रांनो, मी रोलर. रस्ता दाबणारा, दहा टनांचा, तीन चाकांचा आणि वयाने तुमच्या आजोबांच्या बरोबरीचा. जुना झालो याचं मला काही वाटत नाही. जुना तर दगडही होतो. पण एक गोष्ट माझ्या पोटात गेली दोन वर्षं खदखदते आहे. एका रस्त्याचं वाटोळं झालं, ते माझ्याच चाकांनी झालं, आणि तेसुद्धा मी माझं काम अगदी मन लावून केल्यामुळे! आता तुम्हीच ऐका आणि तुम्हीच सांगा चूक कुणाची.

माझी चाकं एका मोठ्या कारखान्यात ओतली गेली. मला पिवळा रंग दिला आणि एका म्हाताऱ्या फिटरने माझ्या पुढच्या चाकावर थाप मारून सांगितलं, "जा बाबा, आता आयुष्यभर दुसऱ्याची वाट सपाट कर." मी तेच केलं. माझा वेग काय विचारता! मी निघालो की मुलं माझ्यापुढे पळत, खेळून दमत, घरी जाऊन जेवून परत येत, तरी मी आपला त्याच वळणावर. नवा रस्ता झाला की मोठी माणसं येऊन फोटो काढत. फोटोत मी मागे कुठेतरी अर्धाच दिसे, पण तेवढ्यावरही मी खूश असे.

माझा चालक हा माझ्याहून सावकाश माणूस. सगळे त्याला हळूभाऊ म्हणत. चालणं हळू, बोलणं हळू, जेवणं हळू. पण कामाला पक्का. खडीच्या प्रत्येक थरावरून आठ फेऱ्या म्हणजे आठच. सहाव्या फेरीला ठेकेदार "पुरे हो, भाऊ" म्हणाला की हळूभाऊ ऐकू न आल्यासारखं करी. सव्वीस वर्षं तो माझ्या पाठीवर बसला. रस्ते खात्याचं जे आवार आहे, तिथे कचेरीच्या खिडकीखाली माझी जागा, आणि त्याच रस्त्यावर पुढे चार घरं सोडून त्याचं घर.

आणि हा रस्ताच सगळ्यात वाईट! गावभरचे रस्ते आम्ही गुळगुळीत केले, पण आमच्या दारातल्या रस्त्याची चाळण झालेली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पूर्वी हळूभाऊ हसून सोडून देई. मग त्याच्या बायकोची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. वहिनींना आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलात जाऊन चार चार तास मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यावं लागे. येताना त्यांच्यात उभं राहायचंही त्राण नसे. रिक्षावाले आमच्या रस्त्याचं नाव काढलं की मान फिरवत. एक बस तेवढी दारापर्यंत येई, तिच्या जिवावर सगळं चाललेलं. तर एके दिवशी बसवाल्यांचं पत्र आलं. खड्ड्यांत दोनदा बसच्या स्प्रिंगचा पाटा तुटला, सहा महिन्यांत रस्ता झाला नाही तर बस मोठ्या चौकातूनच परत फिरेल. चौक घरापासून दीड किलोमीटर.

आता तुम्ही म्हणाल, खातं दारात, रोलर दारात, मग करा की दुरुस्त! अहो, तिथेच तर सगळी गोम आहे. सरकारचे खिसे दोन. एक देखभालीचा, एक सुधारणेचा. देखभालीचा खिसा एवढासा, आणि तो चांगल्या रस्त्यांसाठी, ते चांगले राहावेत म्हणून. सुधारणेचा खिसा मोठा, पण तो फक्त खराब रस्त्यांसाठी. रस्ता कसा आहे ते पाहणीचे साहेब येऊन ठरवणार आणि वहीत तीनपैकी एक शेरा लिहिणार : चांगला, बरा किंवा खराब. चांगल्याला देखभाल, खराबाला सुधारणा. आणि बऱ्याला? बऱ्याला शुभेच्छा!

साहेबांच्या पाहणीची तारीख कळली आणि आमची आळी कामाला लागली. कुणीतरी म्हणालं, "एवढे मोठे साहेब येणार, आणि रस्ता असा?" झालं. पाहुणा येणार म्हटल्यावर आपल्या माणसांना घर आवरल्याशिवाय चैन पडतं का? शेजारच्या गवंडीमामांनी पाडकामाचा विटांचा चुरा आणला. बायकांनी खड्ड्यांतलं पाणी उपसलं, मुलांनी घमेली वाहिली. कुणी झाडलं, कुणी वरून माती पसरली. साहेबांची गाडी खड्ड्यात आपटली तर साहेब चिडतील आणि रस्ता मंजूर करणार नाहीत, अशी सगळ्यांची समजूत! आणि हळूभाऊने काय करावं? त्याने मला बाहेर काढलं. खड्ड्या-खड्ड्यावरून आठ फेऱ्या. मीसुद्धा मूर्ख, चुऱ्याचा कण न् कण दाबून बसवला. संध्याकाळी रस्ता असा दिसत होता की बघत राहावं. वहिनी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अगं बाई, हा आपलाच का?"

दुसऱ्या दिवशी साहेब आले. तरुण, भला माणूस. एक फेरी मारली, चहा घेतला आणि निघता निघता माझ्या शेजारी उभ्या असलेल्या हळूभाऊला विचारलं, "काय भाऊ, कसा आहे तुमचा रस्ता?"

मित्रांनो, आपल्याला कुणी कसे आहात म्हणून विचारलं तर आपण काय म्हणतो? अंगात ताप असो, घरात भांडण असो, तोंडातून एकच उत्तर येतं. हळूभाऊनेही तेच दिलं. सव्वीस वर्षांची सवय, वर हात जोडलेले.

"बरा आहे, साहेब."

साहेबांनी मान डोलावली आणि लिहिलं : स्थिती, बरी. मी ते डोळ्यांनी पाहिलं. मला जीभ असती तर मी तिथेच किंचाळलो असतो, पण मला जीभ कुठली!

महिन्याभराने कचेरीच्या फळ्यावर यादी लागली. सुधारणेत आमचा रस्ता नाही, देखभालीतही नाही. तोवर विटांचा चुरा उधळून खड्डे पुन्हा जसेच्या तसे झाले होते, उलट चाकांनी उकरून थोडे खोलच. हळूभाऊ कचेरीत गेला. नोंदवहीच्या टेबलावर ज्या बाई बसतात त्यांचं टेबल माझ्याच खिडकीला लागून आहे, त्यामुळे शब्द न् शब्द मला ऐकू आला.

"एकदा नोंद झाली म्हणजे झाली," बाई म्हणाल्या. "पुढची पाहणी तीन वर्षांनी."

"बाई, पण तो बरा नव्हताच हो. साहेब येणार म्हणून आम्ही तो बरा केला होता."

"केला होता म्हणजे? सरकारी रस्ता तुम्ही परस्पर दुरुस्त केलात? कशाने?"

हळूभाऊने खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. "रोलरने," तो म्हणाला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग आवाज खाली आणला. त्या वाईट नव्हत्या हो. "भाऊ, तसं लेखी दिलंत तर नोंद रद्द होऊ शकते. पण मग खात्याचा रोलर विनापरवाना बाहेर काढला म्हणून चौकशी तुमच्यावर बसेल. निवृत्तीला किती राहिलंय?"

"चार महिने."

"मग माझं ऐका, गप्प बसा."

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी आवारात आल्या. मशीनवर जायचा दिवस नव्हता, म्हणून जरा टवटवीत होत्या. माझ्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, काही लिहून देऊ नका. सव्वीस वर्षांच्या नोकरीला शेवटी डाग कशाला? मी जाईन चौकापर्यंत चालत."

"चालत? येताना बसमधून उतरलीस की भिंत धरून उभी राहतेस तू."

"मग भिंत धरत धरत येईन. भिंती काय कमी आहेत का रस्त्याला?"

हळूभाऊ हसला नाही. फडक्याने माझं चाक पुसत राहिला. मग म्हणाला, "खोटं मीच दाबून बसवलंय. उकरायलाही मीच पाहिजे." आणि त्याने लिहून दिलं.

तुम्हाला वाटेल, आता न्याय झाला असेल. कपाळ न्याय! तिसऱ्या दिवशी हळूभाऊला निलंबित केलं. माझी चावी काढून घेतली. नोंद रद्द झाली, ती मात्र लगेच. पण त्या वर्षीची यादी तोवर वर गेली होती. आता आमचा रस्ता चांगला नाही, बरा नाही आणि खराबही नाही. शेऱ्याच्या रकान्यात नुसती आडवी रेघ! फेरपाहणी पुढल्या वर्षी.

ठरल्या दिवशी बस चौकातून परत फिरली. वहिनी चार खेपा चालल्या, पाचव्या खेपेला रस्त्यातच बसल्या. मग भाजीवाल्या मावशींनी आपली हातगाडी दिली. हळूभाऊ तिच्यावर चादर टाकून वहिनींना चौकापर्यंत ढकलत नेई. वहिनी म्हणत, "नीट ढकला, मी काय कोबीचा गड्डा आहे?" आळी हसे, त्याही हसत. मी आवारातून बघत असे. दहा टनांचा मी, काही उपयोग होता का माझा?

एकदा येताना गाडीचं चाक खड्ड्यात गेलं आणि वहिनी पडल्या. पडल्या त्या नेमक्या डाव्या हातावर. मशीनच्या सुया त्याच हाताच्या शिरेत टोचायच्या. ती शीर बंद पडली. नवी करायला ऑपरेशन, मग ताप, मग दोन महिने हॉस्पिटल. शेवटी हळूभाऊने हॉस्पिटलच्या मागे एक खोली घेतली आणि घराला कुलूप लावलं. जाताना तो माझ्यापाशी आलाही नाही. मला त्याचा राग नाही. येऊन तरी काय बोलला असता?

रस्ता झाला. होय, झाला ना! फेरपाहणी झाली, 'खराब' शेरा मिळाला, सुधारणेचा मोठा खिसा उघडला. ठेकेदाराने नवा थरथरणारा रोलर आणला. माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. सुरेख रस्ता झाला, खोटं कशाला बोलू? बस पुन्हा दारापर्यंत येऊ लागली. लोक म्हणाले, चला, उशिरा का होईना, झालं एकदाचं. मला ते 'का होईना' सहन होत नाही.

गेल्या आठवड्यात हळूभाऊ आला. चौकशी अजून चालूच आहे, तिच्याच एका कागदावर सही करायला. केस पांढरे झालेत. कचेरीत जायच्या आधी त्याने वाकून रस्ता अंगठ्याने दाबून पाहिला. मग माझ्या चाकाला टेकून उभा राहिला.

खिडकीतून बाईंनी विचारलं, "वहिनींना आणा की एकदा घरी. आता बस आहे, रस्ता आहे."

"रस्ता चांगला झालाय, बाई," हळूभाऊ म्हणाला. "पण आता तिला बसची पायरी चढवत नाही."

बाईंनी सहीचा कागद खिडकीतूनच पुढे केला. तो सही करून निघून गेला.

मित्रांनो, आम्ही यंत्रं शेवटी काहीतरी उपदेश करतो म्हणतात. माझा उपदेश थोडका आहे आणि तो मी रागाने करतो आहे. दुखत असेल तिथे हात ठेवून दुखतंय म्हणून सांगा. लाजू नका, झाकू नका. आणि तुमच्यातलं कुणी मोठं होऊन वही घेऊन पाहणीला निघालं, तर चहा नंतर घ्या, आधी चालून बघा.

नव्या रस्त्याच्या कडेला, आवाराच्या फाटकासमोर, परवापासून डांबर थोडं उखडलं आहे. एवढंसं, वाटीएवढं. या रस्त्याच्या शेऱ्यात आता 'चांगला' लिहिलं आहे, म्हणजे देखभाल मिळायला हवी. पण देखभालीचा खिसा यंदाही रिकामा आहे, असं बाई काल कुणाला तरी सांगत होत्या. बस रोज त्याच्यावरूनच वळते. आज त्याला एक घमेलं खडी-डांबर पुरेल. मी इथे उभा राहून रोज बघतो आहे, तो खड्डा वाढतो आहे. कुणीतरी जाऊन आजच सांगा हो.