रेषा जुळेपर्यंत

पहिली फळी

माझा नवरा सुतार आहे, पण नव्या लाकडाला हात लावत नाही. कुठे काही पाडतायत असं कानावर आलं की हातातला घास ताटात टाकून पळतो. घरामागची ओसरी त्याने अशीच उभी केली. खांब एका गोदामाचे. वासे बोटींच्या जुन्या धक्क्याचे, अजून ओले झाले की खारट वास मारतात. छप्पर खिडक्यांचं. शाळेच्या काचेच्या खिडक्या आडव्या घातलेल्या, कड्यांसकट. वारा हवा असला की स्टुलावर चढायचं आणि डोक्यावरची खिडकी उघडायची.

राहिली होती फक्त जमीन. पाय ठेवायला काही नाही. खाली नुसते आडवे वासे, मध्ये खड्डे, खड्ड्यांत चिखल.

आणि रविवारी आई येणार होती. कायमची. वॉकर घेऊन.

आईची अट एकच. "मला माझं दार हवं. तुमच्या स्वयंपाकघरातून, तुमच्या टीव्हीपुढून मी वॉकर खडखडवत जाणार नाही. पाहुणी म्हणून मरायचं नाही मला."

तिच्यासाठी ठेवलेल्या मागच्या खोलीचं दार ओसरीत उघडतं. ओसरीला जमीन नाही तर दार नाही. दार नाही तर धाकट्या भावाचं घर, तिसरा मजला, लिफ्ट नाही. तिथे एकदा वर गेली की आई परत खाली उतरणार नव्हती. हे मला ठाऊक होतं, धाकट्याला ठाऊक होतं. आईलाही.

आता फळ्या. एका क्लबचा हॉल पाडत होते, तिथलं बॅडमिंटनचं लाकडी कोर्ट याने उचकटून आणलं. प्रत्येक फळीवर खडूने आकडा घातला. घरी आणल्यावर साबणाच्या पाण्याने घासून घासून धुतल्या.

रेषा लखलखल्या. आकडे गेले.

पुन्हा पहिली फळी

"जुळतील. रेषा आहेत ना, त्या सांगतील," तो म्हणाला.

रेषा काहीही सांगत नव्हत्या. पांढरा तुकडा इथे, पिवळा तिथे, मध्येच अर्धा कोपरा. अर्धी ओसरी झाली की हा उठायचा, लांब जाऊन बघायचा, मान तिरकी करायचा, आणि मला त्या मानेवरूनच कळायचं.

"काय झालं?"

"ती बाहेरची रेष आहे. मी आतली समजलो."

"मग?"

"मग काय, काढायच्या."

काढल्या. मी धुणं वाळत घातलं, खाली आणलं, घडी केली, घडी मोडली, पुन्हा केली. आईच्या खोलीत जाऊन गादी झटकली. खिडकीतून पाहिलं, हा गुडघ्यांवर, तोंडात पेन्सिल, एका फळीशी बोलत बसलेला.

फोन वाजला. आई.

"जावईबापूंचं कुठवर आलं?"

"होतंय."

"होतंय म्हणजे झालेलं नाही. मी तुझी आई आहे, मला शिकवू नकोस."

तिसऱ्यांदा पहिली फळी

शनिवार. फळ्या सगळ्या पुन्हा अंगणात, भिंतीला टेकवून उभ्या. कैद्यांना ओळख परेडला उभं केल्यासारख्या.

"कशाही लाव," मी म्हणाले. "आडव्यातिडव्या लाव. तिला चालायचंय, मॅच नाही खेळायची."

"आयुष्यभर तिथे बसणार ना त्या? रोज डोळ्यांसमोर तुटकी रेष? मी असतो तर वेडा झालो असतो."

"तू आहेसच."

"आहे, पण..."

"आणि आयुष्यभर म्हणू नकोस."

त्याने फळी खाली ठेवली. सावकाश, कोपरा दुखावणार नाही अशी. आणि मग माझ्या तोंडून निघालं, जे आठवडाभर घशात होतं.

"तुला आई नकोय का इथे?"

मला वाटलं, चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं. तो विचार करायला लागला.

"थोडी नकोय," तो म्हणाला.

कुणाची तरी सायकल गल्लीतून गेली. मी टॉवेलची घडी मोडली.

"म्हणजे?"

"म्हणजे त्या मला मोडके म्हणतात, मोडकं लाकूड आणतो म्हणून. लग्नापासून. चारचौघांत. 'आमचे मोडके जावई.' आता रोज म्हणतील." त्याने पेन्सिल कानामागे खोचली. "पण फळ्या मी त्यासाठी नाही उचकटत. देवाशप्पथ. रेषा खरंच जुळत नाहीयेत."

मी त्याच्यावर विश्वास ठेवला. अर्धा. उरलेला अर्धा घेऊन दिवसभर घरभर फिरले. भांडी घासलेली होती, तीच पुन्हा घासली.

पहिली फळी नाही

रविवारी सकाळी धाकट्याची गाडी मागच्या फाटकाशी आली तेव्हा ओसरीत एकही फळी नव्हती.

धाकटा खाली उतरला, इस्त्रीचा शर्ट, आत आला, वासे पाहिले, खड्डे पाहिले.

"ताई, काय हे?"

"होतंय."

"मी तिला माझ्याकडे वर चढवायला माणसं सांगून ठेवलीयत. खुर्चीत बसवून नेतील. भावोजी, वाईट वाटून घेऊ नका, पण हे तुमच्याकडून व्हायचं नाही."

गाडीची काच खाली गेली. आई पुढच्या सीटवर, वॉकर मांडीवर आडवा.

"झालं का गं?"

मी भिंतीपाशी गेले, हाताला लागली ती फळी उचलली आणि वाशांवर आपटली. दुसरी तिच्याशेजारी. पांढरी रेष आली आणि तुटली. तिसरी. पिवळं. काहीच नाही. पुन्हा पांढरं, पण उलटीकडून.

"अगं, ती—" नवरा म्हणाला.

"बोलू नकोस."

चौथी मला उचलेना. फळीचं दुसरं टोक वर आलं, तेव्हा कळलं की त्याने धरलंय. त्याने रेषेकडे पाहिलं. मी त्याला पाहताना पाहिलं. मग त्याने डोळे वर, छपराच्या काचांवर ठेवले आणि न बघता फळी खाली बसवली, खाचेत कड, नुसत्या हाताच्या अंदाजाने.

"मेव्हणे, स्क्रू द्या," तो म्हणाला. "तो डबा. नाही हो, मोठे."

"माझा शर्ट..."

"काढा शर्ट!" आई गाडीतून ओरडली.

धाकट्याने शर्ट काढला. तिघं मिळून फळ्या मारत सुटलो. आई गाडीतून सूचना देत होती, ज्यांतली एकही ऐकण्यासारखी नव्हती. माझ्या बोटात लाकडाचं कुसळ गेलं, तसंच राहू दिलं. स्क्रू मारायचं मशीन घरघरत होतं आणि नवरा सारखा वर बघत होता, उजेडात डोळे चोळत.

मग ती आली. वॉकर पुढे, पाय मागे. पहिल्या फळीवर थांबली. वॉकरने ठोकून पाहिलं. दुसऱ्या फळीवर ठोकलं. पांढऱ्या तुकड्यांवरून, पिवळ्या कोपऱ्यावरून, कुठेच न जाणाऱ्या त्या रेषांवरून ठोकत ठोकत दारापर्यंत गेली. आम्ही तिघं श्वास धरून. एकही फळी हलली नाही.

दाराची कडी तिने स्वतः काढली. आत डोकावली. मग वळून धाकट्याला म्हणाली, "तू नीघ आता. गाडी फाटकात आडवी लावून आलायस. आणि त्या माणसांना नको म्हणून सांग."

"आई, नक्की?"

"शर्ट घाल."

तिने खुर्ची मागितली. बरोबर ओसरीच्या मध्ये. बसली, पाय लांब केले, खाली पाहिलं.

"मोडके जावई," ती म्हणाली, "हे काय चित्र काढलंय?"

नवरा तिच्या पायांजवळ उकिडवा बसला होता. तिच्या टाचेखाली एक पांढरी रेष संपत होती आणि वीतभर पलीकडे, दुसऱ्या फळीवर, तशीच एक सुरू होत होती.

"आई," तो म्हणाला, "जरा पाय वर घेता का?"

"नाही," आई म्हणाली, आणि चहा मागितला.