कधीच रिकामी नसलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी फिरती खुर्ची आहे, आणि मी कधीच रिकामी नसते.

अमेरिकेत, मिनेसोटातल्या एका सुतारानं मला घडवलं. ओकचं लाकूड, लोखंडी मळसूत्र, दोन रुंद हात. तिथून मी एका लहानशा कॉलेजात आले. नव्या मुलांना विषय निवडायला मदत करणारे प्राध्यापक जिथे बसतात, त्या खोलीत. खोलीला तीन खिडक्या आहेत. एकीतून प्रयोगशाळा दिसते, दुसरीतून संगीतगृह, तिसरीतून ग्रंथालय. फार पूर्वी कोणीतरी गंमत म्हणून एका गोंधळलेल्या मुलाला माझ्यावर बसवलं, गरकन फिरवलं आणि म्हटलं, "तोंड जिकडे होईल तिकडे जा." मुलगा खरंच गेला. मग ती रीतच पडली. मुलं येत, फिरत, हसत उठून जात. माझा तोरा काय विचारता!

पण ती पूर्ण उठत नसत. त्यांचं जे व्हायचं राहिलं, ते माझ्यावरच बसून राही. व्हायोलिन सोडून वकिलीकडे वळलेल्या एका मुलाची बोटं अजून माझ्या डाव्या हातावर ताल धरतात. तिथे गजाला लावायच्या राळेची पांढरी भुकटी साचते. एक मुलगी बुटांतली खडी माझ्या पायावर झटकते. तिला दगडांचा अभ्यास करायचा होता. मी ग्रंथालयाकडे तोंड करून थांबले आणि ती इतिहासाकडे गेली. आज ही खोली तिचीच आहे. प्रोफेसर ऑस्टरगार्डबाई म्हणतात तिला.

बाई माझ्यावर कधी बसत नाहीत. खोली मिळाल्यावर त्यांनी फिरवण्याची रीत बंद केली आणि माझ्यावर कोट टाकायला सुरुवात केली. झाडलोट करणारा लॉइड रोज सकाळी माझ्याखालची काळी खडी गोळा करताना कुरकुरतो.

"बाई, तुमच्या खोलीत डोंगर फिरायला येतात का हो?"

बाई त्यातली चिमूटभर बोटांत चोळून पाहतात.

गेल्या शरदात मारेन हॉल्व्हर्सन आली, बीट पिकवणाऱ्या घरातली मुलगी. विषय नोंदवायची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. दुसऱ्या खुर्चीवर पुस्तकं होती, म्हणून ती कोट बाजूला करून माझ्यावर बसली आणि चपापली.

"आत्ताच कोणी उठून गेलं का? गरम लागतेय."

"सकाळपासून कोणी आलेलं नाही," बाई म्हणाल्या. "काय ठरलं?"

"तेच तर. चर्चमधल्या निरोपाच्या जेवणात जो तो विचारत होता. आत्याला रसायनशास्त्र सांगितलं, पाद्रीबुवांना चेलोवादन, बाबांना इतिहास. आता कोणापुढे तरी मी खोटी ठरणार." ती हसली, पण डोळे भरले होते. "मोठी मुलं म्हणतात, ही खुर्ची ठरवते. एकदाच सोक्षमोक्ष लागू दे."

बाई "नको" म्हणेपर्यंत तिनं पायानं जमीन ढकलली.

मित्रांनो, मी आजवर नेहमी थांबत आले. त्या दिवशी थांबता येईना. माझ्यावर बसलेले सगळे तिच्यावर तुटून पडले. प्रत्येकाला तिच्यातून पुन्हा जगायचं होतं. कोणी प्रयोगशाळेकडे ओढी, कोणी संगीतगृहाकडे. मला भीती वाटली, ही पोरगीही आता कायमची माझ्यावर राहणार.

"बाई, मी नाही फिरवत," मारेन कुजबुजली. तिचे पाय अधांतरी होते. "माझा हात कोणीतरी धरलाय."

बाईंनी माझे दोन्ही हात घट्ट पकडले. वाकून मारेनच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेकडे पाहत, स्वतःलाच दटावावं तशा म्हणाल्या, "सोड तिला. तिनं तुझं काही घेतलेलं नाही."

मी थांबले. कुठल्याच खिडकीकडे तोंड नव्हतं. समोर बाई होत्या.

"आता ऐक," त्या म्हणाल्या. "रसायनशास्त्राची पहिली पायरी शरदातच असते. चुकली तर वर्ष जातं, म्हणून ते आत्ता घे. चेलो संध्याकाळी वाद्यवृंदात चालू ठेव. इतिहासाचा एक वर्ग घे. मुख्य विषय दुसऱ्या वर्षाच्या शेवटी सांगायचा आहे, आज नाही."

"आणि बाबांनी विचारलं तर?"

"सांग, अजून माहीत नाही. हेही उत्तरच आहे. चार विषय घ्यावे लागतात, चौथा तुझ्या मर्जीचा."

मारेन खाली पाहत होती. बुटाखाली काहीतरी करकरलं. तिनं एक काळा खडा उचलून उजेडात धरला.

"हा कुठला दगड आहे, बाई?"

बाईंनी वाकून तो खडा निरखला. मग म्हणाल्या, "ते शिकवणारा वर्ग आहे."

मारेननं तो विषय घेतला आणि खडा खिशात टाकून ती उठली. ती पूर्ण उठली, मित्रांनो. आणि तिच्यामागून बुटांचा आवाज दाराबाहेर गेला, तो तिच्या एकटीच्या पावलांचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी लॉइडला माझ्याखाली काही सापडलं नाही. बाईंनी वाकून स्वतः पाहिलं. मग कोट उचलले आणि इतक्या वर्षांनी त्या माझ्यावर बसल्या. मी त्यांना थंड लागले. त्या तोंड झाकून रडल्या.

डाव्या हातावर ताल अजून चालू आहे. म्हणून माझी विनंती आहे, मित्रांनो. निवडायची घाई करू नका, आणि उठताना आपलं कोणी मागे राहत नाही ना, ते पाहा. माझ्यासारखी जुनी खुर्ची दिसली, तर बसण्याआधी विचारा, "इथे कोणी बसलंय का?"

आणि उत्तरासाठी थोडं थांबा.